घशाच्या गल्लीतली पेशी

एका शरीरात, घशाच्या अरुंद गल्लीत, एक पेशी राहत होती. भिंतीला भिंत लागून तिच्या जुळ्या बहिणीचं घर होतं. त्या गल्लीची रीत मोठी सोज्वळ. घर बिघडलं की पेशीने आपल्या कात्र्या काढायच्या, स्वतःचं घर स्वतःच कापायचं, नीट गाठोडी बांधायची आणि संपून जायचं. शेजारी ती गाठोडी उचलून नेत. आवाज करून मरणं म्हणजे तिथे अब्रू घालवणंच की.

एके दिवशी तिच्या घरात एक विषाणू शिरला. सरळ माजघरात गेला आणि तिच्याच भांड्यांत, तिचाच शिधा वापरून, आपल्यासारखे आणखी विषाणू घडवायला बसला.

पेशी काय समजायचं ते समजली. ती कात्र्यांकडे वळली, तर कात्र्या करकचून बांधलेल्या.

"मरायची एवढी घाई कसली?" विषाणू म्हणाला. "माझी पिल्लं तयार होऊ दे. मग ती शेजारी जातील. तुझी बहीणच ना ती?"

"मी ओरडेन," ती म्हणाली.

"ओरड की. चांगल्या घरची तू. आजवर या गल्लीत कुणी तमाशा केलाय का?"

मेल्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. पेशी लाजेपोटी गप्प बसली, आणि तेवढ्यात माजघर अर्ध्याकच्च्या पिल्लांनी भरत आलं. मग भिंतीपलीकडून बहिणीची कामाची खुडबुड ऐकू आली, आणि पेशीचं डोकं फिरलं.

घरात भोकं पाडायचे टोचेही होते. कात्र्या मोकळ्या असेपर्यंत त्यांच्या धाकाने टोचे निमूट पडून असत. कात्र्या बांधल्या की टोचे मोकळे होतात, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. पेशीने टोचा उचलला आणि स्वतःच्याच भिंतीत खुपसला.

"अगं, काय करतेस?"

"मरतेय."

"असं? जरा रीतभात?"

"रीतीने मरायच्या कात्र्या तूच बांधल्यास. आता बघ."

भोकांमागून भोकं पडली. भिंत फाटली आणि घरातलं होतं नव्हतं ते गल्लीत सांडलं.

"हे काय मांडलंस गं?" बहीण घाबरून म्हणाली.

"दारं लाव. माझ्या घरात विषाणू आहे." एवढं बोलून पेशी संपली.

सांडलेलं पाहून पांढऱ्या पहारेकरी पेशी धावत आल्या. अर्धीकच्ची पिल्लं कुणाच्याच कामाची नव्हती, आणि पहारेकऱ्यांनी घेरल्यावर विषाणूला पळायला वाट उरली नाही. गल्ली मात्र लालबुंद सुजली, पाण्याचा घोटही तिथून दुखत उतरे.

"शी, काय हे मरण," गल्लीतल्या म्हाताऱ्या पेशींनी नाक मुरडलं.

बहिणीने डोळे पुसले. "नाक मुरडायला तुम्ही जिवंत आहात ना," ती म्हणाली, "ते तिने सांडलवंड केली म्हणून."

तात्पर्य एवढंच: आपलं घर बळकावणाऱ्याच्या सोयीसाठी गप्प राहणं, याला सभ्यपणा म्हणत नाहीत.