हळदीच्या बोटांची पाटी

तांबवेढ्याच्या वाचनालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी दिसते. तिच्या कडेला पिवळ्याजर्द बोटांचे ठसे आहेत. पाटी अधूनमधून रंगवतात, पण रंगवणारा ठशांना ब्रश लावत नाही, कुणाला सांगावंही लागत नाही. आणि पाटीखाली, जिथे वर्तमानपत्रांचं मेज असायला हवं, तिथे एक दगडी जातं मांडलेलं आहे.

पुस्तकांच्या घरात जातं कशाला, असं पाहुणे विचारतात. मग संग्रह दाखवणाऱ्या शेवंताकाकू पदर खोचून खाली बसतात आणि सांगू लागतात.

गावात पिठाची गिरणी आली त्या काळातली ही गोष्ट, म्हणे. बायकांचे हात सुटले आणि घराघरातली जाती कोपऱ्यात गेली. कुणी दारात पायरी केली, कुणी त्यावर तुळस ठेवली. वाचनालयाच्या मंडळींना वाटलं, हे दगड असे वाया जाऊ नयेत. त्यांनी दवंडी पिटली, 'जुनी वस्तू द्या, वाचनालय सांभाळील.' अडकित्ते आले, कंदील आले, ताक घुसळायच्या रव्या आल्या आणि जाती तर बैलगाडीतून आली.

ती सांभाळायला मथुरा पेंढारे नावाची तरुण मुलगी होती. कॉलेज शिकलेली, पण पाल चुकचुकली तरी दचकणारी. कासाराच्या घरची अंबूवहिनी आपलं जातं द्यायला आली, तेव्हा तिने मथुरेचा हात धरून ठेवला होता. "बाई, माझ्या लेकीचं, गोजरचं लग्न ठरलं की हळद यावरच दळायची. तेव्हा मागायला येईन हं."

"केव्हाही या वहिनी. इथे वस्तू हरवत नाही," मथुरा म्हणाली होती.

आणि मग मथुरेने तेच केलं, जे पुस्तकं लावणाऱ्या माणसाच्या हातून होतं. सारख्याला सारखं लावलं. जात्यांचे वरचे दगड, म्हणजे वरच्या तळ्या, सगळ्या एका कपाटात, खालच्या तळ्या समोरच्या कपाटात, लाकडी खुंटे टोपलीत. कसं नीट दिसत होतं! मंडळींनी पाठ थोपटली.

पहिली खटकणारी गोष्ट अगदी लहान होती. एका सकाळी वरच्या तळ्यांच्या कपाटाखाली चिमूटभर पीठ पडलेलं दिसलं. उंदीर असेल म्हणून मथुरा आधी खुर्चीवर चढली. पण उंदीर कुठला? दळण तर कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. झाडून काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ. असे सांगतात की दुपारी वाचक पेंगायला लागले की एका कपाटातून घरघर उठायची आणि समोरचं कपाट तिला घरघरूनच उत्तर द्यायचं. मथुरेने कुणाला विचारलं नाही. 'शिकलेली असून भितेस?' हे ऐकायची तिला आणखी भीती.

वैशाखात अंबूवहिनी दारात उभी राहिली. "मथुराबाई, उद्या हळद लागायची. आमचं जातं द्या."

मथुरेने दोन्ही कपाटं उघडली. दगडासारखे दगड. कुठल्या तळीची जोडीदारीण कुठली?

"दुपारी या, काढून ठेवते," ती म्हणाली. वहिनी फोडलेल्या हळकुंडांची पुरचुंडी तिच्या हाती देऊन हसून गेली, कारण तिला शंकाच आली नाही. तेच मथुरेला लागलं.

तिने पाटीखाली एक तळी मांडली, वर दुसरी चढवली, मूठभर हळकुंडं घातली, खुंटा ठोकला, ओढला. जातं हलेना. वरची उतरवली, दुसरी चढवली. हलेना. घामाने निथळली, हळदीने बोटं माखली, सुटलेला तोल सावरायला तिने भिंतीवरच्या पाटीला धरलं. तेच हे ठसे, असं म्हणतात. वाचणारी मंडळी वर्तमानपत्रांच्या आडून 'शुक् शुक्' करत होती. सगळ्यात मोठ्याने करत होते भिकोबातात्या साबणे. शांततेची पाटी त्यांनीच लावून घेतली होती, आणि कुणी खोकलं तरी ते चष्म्यावरून बघायचे.

शेवटी मथुरेने दगडावर कपाळ टेकलं आणि बोलली, "जोडी मी फोडली. आज लागू दे. ही पाटी वर्षातून एक दिवस मी भिंतीकडे तोंड करून टांगीन. त्या दिवशी इथे गप्प बसायला कुणाला जागा नाही."

आणि तिला आठवलं, आपली आजी जात्यावर बसली की आधी शेजारी हाक मारायची. जातं एकटीने ओढायची वस्तूच नव्हे. तिने उठून पाटी उलटी केली. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला.

"कोण गं माझ्या जोडीला?"

वर्तमानपत्रं गपकन खाली आली. गल्लीतल्या बायका दाराशी थबकल्या, पण पुरुषांच्या त्या खोलीत पाऊल घालायची त्यांना सवय नव्हती. मथुरेने पुन्हा हाक मारली. आवाज फाटला, कुणी तरी हसलं.

इथे शेवंताकाकू थांबतात, पाहुण्यांकडे बघतात आणि जात्यावरून हात फिरवतात.

आजही वैशाखातल्या पहिल्या हळदीला पाटी भिंतीकडे वळते. कपाटातले कंदील पेटतात, रव्या ताकात उतरतात, अडकित्ते सुपाऱ्या फोडतात, आणि वाचनालयात इतका कल्ला होतो की पलीकडच्या शाळेतली पोरं खिडकीला लटकतात. नवरीकडची एक मुलगी जात्याशी एकटीच बसते आणि हाक मारते. जोडीदारीण आधी ठरवून ठेवायची नाही, कुणाला नावाने बोलवायचं नाही. बाई असो, बाप्या असो, वाट चुकलेला पाहुणा असो, ज्याचं मन उठेल त्याने यायचं. तोवर सगळे श्वास धरून असतात, आणि मुलीचे डोळे भरून येतात, दरवर्षी.

कारण त्या दिवशी मथुरेचेही आले होते. तिसरी हाक तिने जवळजवळ रडतच मारली, "कोण गं माझ्या जोडीला?"

तेव्हा सगळ्यात पुढच्या वर्तमानपत्राची घडी झाली. चष्मा खिशात गेला. आणि असे सांगतात की त्या माणसाचा हात खुंट्याला लागायच्या आधीच, नुसती त्याची ओ ऐकून, वरची तळी गर्रकन फिरून आपल्या जागी बसली.

"आलो गं पोरी," भिकोबातात्या म्हणाले, "सरक जरा. आईच्या मांडीवर झोपून हेच ऐकलंय मी."