सोनाक्काचा गोफ

धोटेवाडीत दोनशे माग चालायचे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. उजाडलं की जी खटखट सुरू व्हायची, ती दुपारच्या जेवणापुरती थांबून दिवेलागणीपर्यंत चालायची. त्या गावात ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावून पोट भरणारी सोनाक्का राहायची. तिचे हात म्हणे कधी स्वस्थ नसत. सूत नसलं तर ती पदरालाच पीळ घालत बसायची.

तिच्या शेजारच्या भागूची ठकू सात वर्षांची. पोर गुणी, पण दात सतत चालू. पदर, दोऱ्या, मागाच्या खुंट्या, हाताला लागेल ते चावायची. भागूने तिच्या बोटांना कडुनिंब चोळला. ठकूने तोंड वेंगाडून ती कडू बोटंही चावली.

त्या वर्षी गावदेवीची यात्रा चार दिवसांवर असताना तिने देवीला नेसवायच्या लुगड्याचा ताणाच चावला. सात धागे तुटले. एरवी विणकर धाग्याचं टोक ओठांत ओलं करून मागाच्या फणीच्या दात्यांत ओवायचे, पण देवीच्या लुगड्याला तोंड लावायचं नाही, पाण्याची वाटी घ्यायची, असा कडक रिवाज. दरवर्षी ते लुगडं विणणारे गावचे जाणते विठूअप्पा संतापले.

"यात्रेपत्तूर लुगडं झालं न्हाई, तर ही पोर मामाकडं धाडायची. परत गावात आणायची न्हाई."

भागूच्या डोळ्यांचं पाणी खळेना. सोनाक्का मात्र दिवसभर ठकूला न्याहाळत बसली. दुपारी माग थांबले की पोरीचे दात थांबत. खटखट सुरू झाली की ती कावरीबावरी होऊन काहीतरी तोंडात घाली. सोनाक्काने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते पदर पिळत होते.

"भागे, माझ्या हातांचं दुखणंच हिच्या दातांत हाय," ती म्हणाली. तिने सुताचा बोटाएवढा जाड गोफ विणला, उकळत्या पाण्यातून काढला आणि ठकूच्या गळ्यात घातला. पोर तो चावत राहिली आणि दोनशे मागांच्या गदारोळात पहिल्यांदा शांत बसली.

पण नवे सात धागे काही केल्या फणीतून जाईनात. पाण्यात बुडवली की टोकं पिंजत. यात्रेच्या आदल्या दिवशी अप्पांनी पाण्याची वाटी बाजूला सारली, तेव्हा सोनाक्काने ठकूला पुढे घेतलं. "पोरी, टोकं चाव."

असं म्हणतात, ठकूने टोकं दातांत धरली त्या क्षणी दोनशे माग आपोआप थांबले आणि सातही धागे कुणी न ओवता फणीतून पार झाले.

"पण उष्टं हाय गं ते," अप्पा पुटपुटले.

"अप्पा, देवीला आई म्हनता नव्हं? मग आईला लेकराचं उष्टं कधी चालत न्हाई?"

अप्पा मागावर बसले आणि लुगडं विणू लागले. यात्रेला ते पुरं झालं आणि ठकू गावातच राहिली. ते लुगडं बारा वर्षं विटलं नाही, असं म्हणतात.

आता धोटेवाडीत माग थोडेच उरलेत. तरी देवीच्या लुगड्यातून उरलेल्या सुताचे गोफ दरवर्षी सोनाक्काच्या नावाने वळतात आणि चावऱ्या पोरांच्या गळ्यात घालतात. त्यांना कुणी रागावत नाही. लुगड्याचा पहिला धागाही अशाच पोराच्या दातांतून येतो. एखाद्या वर्षी गावात तसं पोर नसलं, तर माग अडून राहतो आणि जाणती माणसं आसपासच्या वाड्यांवर चावरं पोर आहे का, असं दारोदार विचारत फिरतात.