अकरा रकान्यांचा तक्ता

“...म्हणजे घरच्या वापराला यातलं नेमकं कोणतं घ्यावं, सर?”

प्रभाकर रेवणकरांनी तक्ता टेबलावर सरकवला. छापून आणलेला, अकरा रकान्यांचा. कॉम्प्युटरवर लिहायचं फुकट मिळणारं ऑफिस पॅकेज, वर्षाच्या वर्गणीचं, एकदाच विकत घ्यायचं... कशात मराठी जोडाक्षरं तुटतात, कशातली फाईल दुसऱ्यात उघडली की विस्कटते, सगळं त्यात होतं. आठ महिने खपले होते त्यावर. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. कच्चं काम त्यांना चालत नसे. सर शाबासकी देतील, हे ते मनाशी धरूनच आले होते.

धारप सर चौऱ्याऐंशी वर्षांचे. कराडात त्यांचा टायपिंगचा क्लास होता, आणि रेवणकरांची बोटं त्यांनीच वळवलेली. सरांनी चष्मा पुसला, तक्ता वाचायला घेतला. एकही ओळ गाळली नाही.

“लिहायचंय काय?”

रेवणकरांनी सांगितलं. आईचं गाव धरणात गेलेलं. तिथल्या शेतांची नावं, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, पुरात ओढा कोण पार करून देई, हे सारं आता एकट्या आईला ठाऊक. तिला एक्क्याण्णवावं लागलेलं. ते पुस्तकासारखं नीट मांडायचं, म्हणून आधी पॅकेज नीट हवं.

“किती झालं?”

“पॅकेज ठरलं की बसतोच आहे.”

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

ती नजर रेवणकरांना सोसेना. न विचारताच त्यांनी सांगून टाकलं, की दिवाळीत आई सतरा शेतांची नावं एका दमात सांगत होती. परवा तेरावर अडली. मग म्हणाली, “राहिलेली तुला सांगितली होती ना रे मी?”

“मग?”

“हो म्हणालो.”

सरांनी तक्त्याची हलक्या हाताने घडी केली आणि तो परत दिला.

“सुरेख झालाय. कशात केलास?”

कॉम्प्युटरबरोबर जे आलं होतं, त्यातच केला होता. आठ महिने त्यातच. एकदाही कुठे अडलं नव्हतं.

घडी खिशात ठेवावी की टेबलावर, ते कळेना. पण तीस वर्षांची सवय अशी सुटते थोडीच? खाली मान घालूनच त्यांनी विचारलं,

“तरीपण सर... यातलं चांगलं कोणतं?”

“ज्यात आईंचं पहिलं वाक्य असेल, ते.”