उसातली आग आणि शिमोनची सनई

मुळा नदीच्या काठी तेलकुडी नावाचे एक लहानसे गाव होते. गावाच्या पूर्वेला ख्रिस्ती लोकांची पन्नासेक घरे, आणि मधोमध दगडी भिंतींचे, कौलारू ख्रिस्तमंदिर. करुणादास महाराज दर वर्षी उपवासकाळाचे चाळीस दिवस तिथे मुक्कामाला असत. अंगावर जाडेभरडे पांढरे वस्त्र, हातात एकतारी आणि खांद्यावरच्या झोळीत कडा झिजलेले शुभवर्तमानाचे पुस्तक. सकाळी दारोदार जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करावी, संध्याकाळी मंदिराच्या ओसरीवर कीर्तन करावे, एवढाच महाराजांचा दिनक्रम. पण भाविकहो, ज्या गावी असा सत्पुरुष उतरतो, त्या गावाची कसोटीही तेव्हाच लागते!

त्या गावात शिमोन नावाचा एक सनईवाला राहत असे. त्याच्या बोटांत देवाने गोडवा घातला होता, पण त्याची संध्याकाळ जायची दाविदराव कारभाऱ्यांच्या गुऱ्हाळावर. दाविदराव गावातले बडे प्रस्थ. त्यांच्या गुऱ्हाळावर रोज बैठक भरे. गुळाची दारू, पत्ते, अचकट विचकट गाणी आणि गावातल्या लेकीसुनांची निंदा. शिमोनने सनई वाजवायची, पेला रिता करायचा आणि झोकांड्या खात घरी यायचे. घरी आला की बैठकीत ऐकलेल्या शिव्या तो बायकोला, रूथबाईला, घाली. ती माउली चुलीकडे तोंड करून ऐकून घेई.

एके सकाळी शिमोन अंगणात दात घासत होता. त्याची चार वर्षांची नामी शेळीला पाला घालत होती. शेळीने मान फिरवली, तसे त्या पोरीने कमरेवर हात ठेवले आणि शेळीला एक शिवी हासडली. तीच शिवी, त्याच सुरात, आदल्या रात्री शिमोनने तिच्या आईला घातली होती! शिमोनच्या हातातली राखुंडी गळून पडली. तोंडही न धुता तो महाराजांकडे धावला.

"महाराज, माझ्या लेकीच्या तोंडात नरक आला हो! ती तर कधी गुऱ्हाळावर गेली नाही!"

महाराज म्हणाले, "ती गेली नाही, शिमोन. तू तिथून उचलून घरी आणलंस. पाहुणा दारातून आला तर आपण त्याला नाव गाव विचारतो. कानातून आलेल्याला कधी विचारलंस?"

"मग काय करू? कान बुजवून घेऊ? माणसांत जाणं सोडू?"

"माणसं सोडू नकोस. प्रभू तर पापी म्हणून हिणवलेल्या जकातदारांच्या पंगतीला बसले. पण एक पारख धर. एखादी बैठक, एखादं गाणं, एखाद्याचं बोलणं घेऊन घरी आलास, की तुझ्या माणसांवरची माया वाढते की आटते, ते बघ. प्रभूकडे तोंड करावंसं वाटतं की लपावंसं वाटतं, ते बघ. जे माया आटवतं, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. मग ते कितीही गोड असो, देणारा कितीही मोठा असो."

शिमोनने त्याच दिवशी निश्चय केला. संध्याकाळी तो गुऱ्हाळावर गेला, पण बसला नाही. उभ्यानेच हात जोडून म्हणाला, "कारभारी, तुमचा राग नाही. कामाला हाक मारा, धावत येईन. पण बैठकीला आता येणार नाही, आणि अशा गाण्यांना साथही करणार नाही."

बैठकीत हशा पिकला. दाविदराव म्हणाले, "अरे बाबांनो, सरका! शिमोनसाहेबांच्या अंगाला आपला वारा लागेल! काल ह्याच पायरीवर लोळत होता, आज संत झाला!"

"संत नाही झालो, कारभारी. घाबरलोय. लेकीला घाबरलोय."

"जा, जा. बघू तुझी भक्ती किती दिवस पोट भरते ते."

दाविदराव बोलले ते त्यांनी करूनही दाखवले. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नघरी त्यांचा शब्द चाले. महिनाभरात शिमोनला एकही सुपारी आली नाही. तो रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. सनई वाजवणाऱ्या बोटांना घट्टे पडले. गुऱ्हाळावरची माणसे वाटेत भेटली की सनईसारखी तोंडे करून वाकुल्या दाखवत. पहिल्या आठवड्यात दोनदा त्याचे पाय आपोआप गुऱ्हाळाच्या वाटेला लागले, आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून तो दात आवळून परत फिरला. रोज पहाटे मात्र मंदिराच्या पायरीवर बसून तो एक भजन वाजवी. साधीच चाल होती, पण सारे गाव त्या सुरावर जागे होऊ लागले.

उपवासकाळाच्या शेवटी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस होता. भर दुपार, वारा सुटलेला. गुऱ्हाळावर बैठक दिवसाच रंगली होती. भट्टीकडे कोणाचे लक्ष नव्हते. एक ठिणगी उडाली ती वाळल्या चिपाडांच्या ढिगावर! बघता बघता ढीग पेटला आणि आग शेजारच्या उभ्या उसात शिरली.

त्या उसात दाविदरावांची एकुलती एक लेक सलोमी होती. तोडणीवरच्या दोन बायांना भाकरी द्यायला ती गेली होती. "सलोमी!" म्हणून टाहो फोडत दाविदराव तसेच आत घुसले. पण ऊस डोक्याच्या वर, आणि धूर असा की स्वतःचा हात दिसेना. बाप लेकीला आणि त्या दोन बायांना भेटला, पण वाट हरवली. बाहेर बैठकीतली माणसे, नशेतच, शेताच्या कडेने पळत ओरडू लागली. "कारभारी, हिकडं या!" "हिकडं नाही, तिकडं जाळ आहे!" "डावीकडं वळा!" प्रत्येक जण वेगळ्या दिशेने बोलावत होता. आत ते चौघे जिकडून हाक येई तिकडे वळत आणि ज्वाळा पाहून मागे फिरत.

इतक्यात महाराज तिथे पोहोचले. खडी टाकून शिमोनही धावत आला होता. महाराजांनी दोन्ही हात वर केले आणि गरजले, "गप्प व्हा! आता कोणीही एक अक्षर बोलायचं नाही!" मग शिमोनकडे वळून म्हणाले, "जा, सनई आण. तीन बाजूंनी आग आहे, नदीकडचा बांध तेवढा मोकळा आहे. तिथे उभा राहा, प्रभूचं नाव घे आणि वाजव."

शिमोनने धावत घर गाठले, खुंटीवरची सनई ओढली आणि बांधावर येऊन उभा राहिला. वारा नेमका बांधाकडेच होता.

"महाराज, आग इकडेच येतेय."

"दिसतंय मला. मी तुझ्या शेजारीच उभा आहे. वाजव!"

शिमोनने डोळे मिटले आणि सनई ओठांना लावली. रोज पहाटेचे तेच भजन निघाले, आणि काय तो सूर! आगीच्या तडतडाटावरून, धुराच्या लोटांतून तो सरळ शेताच्या पोटात गेला. ज्वाळांची धग तोंडावर येत होती, पण शिमोन हलला नाही. धूर त्याच्या अंगावरून गेला, पण त्याचा श्वास तुटला नाही. घटकाभराने उसाची पाती हलली. आधी तोडणीच्या बाया बाहेर पडल्या, मागून सलोमी, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून काळवंडलेले दाविदराव. चौघेही बांध ओलांडून नदीच्या वाळूत कोसळले. मागोमाग आग आली आणि बांधापासून हातभर अंतरावर आपसूक विझली. महाराजांच्या वस्त्राला ठिणगीही लागली नाही!

त्याच वेळी रूथबाई धापा टाकत आली. तिच्या हातात पितळेची वाटी होती.

"अहो, पत्ती घरीच राहिली की! धुऊन ठेवली होती मी. त्या सनईत काय फुंकणार तुम्ही?"

सगळे थबकले. सनईच्या तोंडाशी जी गवताच्या पात्याची पत्ती असते, तीच बोलते. तिच्याविना सनई म्हणजे नुसते पोकळ लाकूड. शिमोनने सनई वळवून पाहिली. पत्तीची जागा रिकामी होती! पत्ती रूथबाईच्या वाटीत, पाण्यात भिजत होती.

शिमोनने ती सनई महाराजांपुढे धरली. "महाराज, मग वाजलं कसं? वाजवलं कोणी?"

महाराज म्हणाले, "ज्याची हाक होती, त्यानं मारली. तू जागा सोडली नाहीस, एवढंच तुझं काम होतं."

दाविदराव सरपटत आले आणि महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, माझीच माणसं मला बोलावत होती आणि प्रत्येक हाकेला मी जाळातच शिरत होतो. वीस वर्षं हेच करत आलो हो! आज पहिल्यांदा कळलं."

महाराजांनी त्यांना खांद्यांना धरून उठवले. "दाविदराव, प्रभूनं तुम्हाला आगीतून काढलं. आता घरात कोणाला घ्यायचं, ते तुम्ही ठरवा. ते काम दुसरं कोणी करत नसतं."

दुसऱ्या दिवशी दाविदरावांनी स्वतःच्या हाताने दारूची मडकी फोडली. बैठकीतले सात जण त्यांच्या दाराशी जमले. "कारभारी, मग आम्ही आता जायचं कुठं?"

"माझ्यासंगं मंदिरात चला. नाही आलात तरी माझ्या घरी जेवायला या, ताट वाढून ठेवीन. पण दारू, शिव्या आणि दुसऱ्याच्या लेकीबाळींची उणीदुणी आजपासून ह्या घरात येणार नाहीत."

दोघे त्यांच्याबरोबर गेले. पाच जण "गुऱ्हाळवाला साधू झाला!" म्हणून हसत निघून गेले. दाविदराव त्यांच्याकडे पाहत राहिले, पण त्यांनी आपला शब्द फिरवला नाही.

उपासनेनंतर ते मंदिरातून थेट शिमोनच्या झोपडीकडे गेले. दार बुटके होते. आयुष्यात कधी मान न लववलेले दाविदराव कमरेत वाकून आत शिरले. शिमोन घाईने घोंगडी अंथरू लागला, पण त्यांनी त्याला थांबवले. चुलीपाशी बसलेल्या रूथबाईपुढे ते गुडघे टेकून बसले आणि सारवलेल्या जमिनीला त्यांनी कपाळ लावले.

"रूथबाई, तुझ्या घरात जी घाण आली, ती माझ्या गुऱ्हाळावरून आली. मला क्षमा कर."

रूथबाईने पदराने डोळे पुसले. मग तव्यावरची भाकरी उतरवत ती म्हणाली, "उठा, कारभारी. आमच्यात जेवायला बसा."