दही काय, तूप काय

“सूनबाईंनी रोज दही खायला घालून माझं कोलेस्टेरॉल वाढवलं,” निवृत्त हेडमास्तर दिनकरराव बायकोला सांगत होते. दाराआड उभ्या वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते.

रविवारी जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत दह्याची वाटी बाजूला सारली. डॉक्टर जावई हळूच म्हणाले, “दह्यातलं कॅल्शियम थोडी चरबी बांधून बाहेर नेतं. तुपाइतकं दही बाधत नाही, मामा.”

“दही काय, तूप काय, दोन्ही एकाच दुधाचं,” असं ठणकावून दिनकररावांनी पुरणपोळीवर तूप घ्यायला ताट पुढे केलं.

वैजयंतीचे कान शरमेनं तापले होते. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि मान वर न करताच म्हणाली, “मग मामंजी, आज पोळीवर दहीच वाढते.”