देवळासमोरचा ढीग

पाण्याखाली गेलेल्या एका गावाचे एक वृद्ध गुरुजी होते. धरण झाले, गाव बुडाले, माणसे जिकडे जागा मिळाली तिकडे पांगली. गुरुजींनी मात्र निवृत्तीनंतर त्या पांगलेल्या घरांचे उंबरे झिजवून जुने फोटो गोळा केले आणि त्यांची एक वेबसाइट उभी केली. कोणते घर कुणाचे, दारात उभी असलेली म्हातारी कोण, तिची आठवण काय, हे प्रत्येक फोटोखाली लिहिलेले असे. मूळ कागदी फोटो पुढे कुणाचे वाळवीने खाल्ले, कुणाचे घर बदलताना हरवले. गाव आता या एकाच ठिकाणी उरले होते.

ही वेबसाइट सांभाळत होती त्यांची जुनी विद्यार्थिनी ऋजुता. मुलगी हुशार आणि कामसू. हुशार माणसांना असते ती घाईही तिच्याजवळ भरपूर होती. वेबसाइटला सर्व्हरवर मिळालेली जागा बेताची होती आणि ती जवळजवळ भरली होती. अशात ती जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवले की हा सर्व्हर आता जुना झाला, महिनाअखेरीस बंद होईल, आपापले सामान हलवा. ऋजुताने ‘पूर्ण बॅकअप’ असे लिहिलेले बटण दाबले आणि निश्चिंत मनाने चहाचे आधण ठेवले. चहा उकळेपर्यंत वेबसाइट बंद पडली.

झाले होते असे, की सर्व्हर साऱ्या वेबसाइटचे एक भले मोठे गाठोडे बांधत होता, आणि ते ठेवत होता त्याच भरलेल्या जागेत. जागा संपली. गाठोडे अर्धवट राहिले आणि वेबसाइटला कूस बदलायलाही वाव उरला नाही. ऋजुताने कंपनीकडे थोडी जागा वाढवून मागितली. बंद होणाऱ्या सर्व्हरवर जागा वाढवत नाहीत, असे उत्तर आले. ती तडक गुरुजींच्या घरी गेली.

गुरुजींकडे दिवाळीची आवराआवर चालली होती. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “बरं. आधी माझी ही कोठीची खोली रिकामी करून दे. उद्या रंगारी येणार आहे.”

“गुरुजी, तिकडे वेबसाइट बंद आहे!”

“ऐकलं मी. हे घमेलं घे.”

मनातून चरफडत तिने पदर खोचला. घमेले कसले, तिने डबे, बरण्या, बोचकी भराभर ओढून घरातल्या बोळात रचली. थोड्याच वेळात बोळ असा गच्च भरला की तिला दारापर्यंत जाता येईना आणि गुरुजींना आत येता येईना.

“ठेव सगळं परत आत,” गुरुजी पलीकडून म्हणाले. “आता घमेल्यात मावेल तेवढंच उचल. घरात कुठेही टेकवायचं नाही. थेट गॅलरीच्या भिंतीवरून शेजारच्या यमुनाकाकूंच्या हातात. आणि पहिल्यांदा देवांची पेटी.”

“रिकामे डबे, रद्दी?”

“ते कशाला काकूंच्या गळ्यात? भंगारात जाऊ देत, उद्या पुन्हा जमतील.”

यमुनाकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, “पाठव गं तू. आमची मागची खोली रिकामीच आहे.” घमेले येत-जात राहिले. खोली रिकामी झाली आणि बोळात पाऊल अडले नाही. घामाघूम झालेली ऋजुता पायरीवर बसली. हा खटाटोप कशासाठी, हे तिला अजून उमगले नव्हते आणि विचारायचा धीरही होत नव्हता.

गुरुजींनीच बोलायला सुरुवात केली.

“गाव सोडायची वेळ आली तेव्हा सरकारी ट्रक येणार होता. सगळ्यांनी ठरवलं, एकदमच नेऊ. घराघरातलं सामान काढून देवळासमोर रचलं. केवढा ढीग! माझे वडील त्याच्याकडे बघून म्हणाले, चला, वाचलं सगळं. पण त्या ढिगानं वाट अडली. ट्रक वेशीवरच थांबला. ढीग मोडून वाट करेपर्यंत रस्त्यावर पाणी आलं. माझी आई तेवढी कुणाचं न ऐकता सकाळपासून टोपलीनं वाहत होती. आधी देव, मग बी-बियाणं, मग भांडी. तिनं टेकडीवर नेलं तेवढंच आमचं राहिलं. पोरी, ढीग रचला की वाचवल्यासारखं वाटतं. पण तो ढीगही गावातच होता ना.”

ऋजुताने पिशवीतून लॅपटॉप काढला.

पहिल्यांदा ते अर्धवट गाठोडे पुसायचे होते. तिचे बोट अडखळले. कसा का असेना, तेवढाच बॅकअप हाती होता. गुरुजी म्हणाले, “मोड तो ढीग.” तिने तो मोडला, आणि वेबसाइटने श्वास घेतला.

“यातले देव कोणते?” गुरुजींनी विचारले.

“नावं,” ती म्हणाली. “फोटोंना नुसते नंबर आहेत. कोण, कुठलं, काय आठवण, ते सगळं वेगळं साठवलेलं आहे. ते गेलं तर फोटो असून नसल्यासारखे.” म्हणून आधी नावे आणि आठवणी निघाल्या, सर्व्हरवर कुठेही न टेकता थेट तिच्या लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कवर. मग फोटो, एकेका आळीचे. फोटोंच्या ज्या छोट्या प्रती वेबसाइट आपली आपण बनवते, त्या तिने तिथेच सोडल्या. काम सावकाश चालले, पण कुठे अडले नाही. महिना संपण्याआधी सारे गाव बाहेर आले.

“आलं म्हणतेस. उघडून दाखव,” गुरुजी म्हणाले.

तिने इंटरनेट बंद केले आणि नुसत्या डिस्कवरून एक फोटो उघडला. देवळासमोर सामानाचा ढीग होता, आणि शेजारी एक माणूस समाधानाने कमरेवर हात ठेवून उभा होता. खाली गुरुजींच्या वडिलांचे नाव होते. गुरुजींचे डोळे भरून आले.

“या ढिगातलं काही उरलं नाही,” ते म्हणाले. “हा फोटो उरला, कारण फोटोवाला कॅमेरा गळ्यात घालून टेकडीवर निघून गेला होता.”

ऋजुताने या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली, ती फडक्यात गुंडाळली आणि गॅलरीत जाऊन हाक मारली, “काकू, अजून एक वस्तू ठेवाल का?”