पाण्यात धरलेला हात

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात सावळा नावाचा बुरूड राहत होता. सुपं, टोपल्या विणून तो आपलं आणि आईचं पोट भरायचा. त्याचा धाकटा भाऊ म्हादू बांबूच्या बेटावरून झालेल्या भांडणात मारला गेला होता. केरबा नावाच्या माणसानं त्याच्यावर कोयता चालवला होता. केरबा तुरुंगात गेला, पण सावळाच्या मनातून गेला नाही.

गावात एक म्हातारे पाळक प्रभूची शिकवण सांगायला येत. वर्षभर ऐकल्यावर सावळा म्हणाला, "बाबा, मला बाप्तिस्मा द्या."

"फार सोसावं लागेल, सावळा."

"ठाऊक आहे. भाऊबंद वाळीत टाकतील, माझी सुपं कोणी घेणार नाही. माझी तयारी आहे."

आणि तसंच झालं. भाऊबंदांनी त्याच्या हातचं पाणी बंद केलं. सावळानं ते ताठ मानेनं सोसलं. त्याला मनातून थोडा अभिमानही वाटला.

बाप्तिस्म्याच्या सकाळी त्याच्यासोबत फक्त आई नदीवर आली. सावळा कमरेइतक्या पाण्यात उतरला. पाळक मात्र त्याच्याकडे बघेनात.

"आणखी एक जण आहे," ते हळूच म्हणाले. "आज पहाटे माझ्या दारात आला. मला नाही म्हणवलं नाही."

झाडाआडून एक वाळलेला माणूस पाय ओढत पुढे आला. तो तुरुंगातून सुटलेला केरबा होता.

 सावळाच्या कानात नुसता पाण्याचा आवाज घुमू लागला. काठावर आई मटकन खाली बसली.

"मी जातो," केरबा म्हणाला. "आजचा दिवस त्याचा आहे."

"थांब," पाळक म्हणाले. मग ते सावळाकडे वळले. "त्याचा पाय अधू आहे. धारेत उभं राहता येणार नाही, आणि मला एकट्याला तो पेलणार नाही. धरशील त्याला?"

 आजवर जे गेलं ते लोकांनी हिसकावून घेतलं होतं. हा राग मात्र त्याचा स्वतःचा होता. म्हादूची तेवढीच एक गोष्ट आपल्याजवळ उरली आहे, असं त्याला वाटायचं. ती कोणी मागेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

 शेवटी त्यानं हात पुढे केला. केरबाचं मनगट घट्ट धरून त्याला धारेत उतरवलं. पाळकांनी दोघांनाही बाप्तिस्मा दिला.

दोघे पाण्यातून वर आले तेव्हा आई उठून उभी होती.

"माझ्या लेकाला ज्यानं मारलं त्याचा हात धरलास," ती म्हणाली. "आता मला आई म्हणू नकोस."

ती सासरी असलेल्या लेकीच्या गावी निघून गेली. सावळा ओल्या कपड्यांनी बघत राहिला. इतकं द्यावं लागेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी प्रार्थना झाली की तो चार कोस चालून बहिणीच्या दारात जाऊन बसायचा. आई बाहेर यायची नाही. तो परतायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचा.

तिसऱ्या वर्षी एकदा दार उघडलं.

"त्या दिवशी पाण्यात तो रडत होता का?" आईनं विचारलं.

"हो."

"आणि तू?"

"मीपण."

 आई त्याला वाट देत दारातून बाजूला सरली.

तात्पर्य: शिष्य होताना काय सोडायचं ते आपण आधीच ठरवून येतो, प्रभू मात्र आपण घट्ट धरून ठेवलेलं तेच मागतो, आणि ते देताना आपल्या माणसांचं दुःखही सोसावं लागतं.